स्नानसंस्काराच्या वहींतील नांव

या स्मरणिकेंत मंदिराची बांधणी, धर्मगुरूंची परंपरा, धर्मभगिनींची सेवा या विषयांवर अधिकारी लेखक लिहितीलच. त्यांच्या वाटेंत येण्याची आमची इच्छा नाहीं. आम्ही वाचकांस एका साध्या वस्तूकडे घेऊन जाणार आहोंत. धर्मगुरूंच्या कचेरींत, कुलुपाच्या कपाटांत, जाड पुठ्ठ्याची एक वही असते. तिच्यांत आपणां सर्वांचीं नांवें आहेत. कोणी तान्हेपणीं, कोणी प्रौढपणीं श्रद्धा स्वीकारल्यावर, डोक्यावर पाणी घेतलें आणि त्या वहींत एक ओळ लिहिली गेली. आपण ती ओळ बहुधा दोनच वेळां पाहतों, लग्नाच्या वेळीं आणि पासपोर्टाच्या वेळीं. इतिहास म्हणून ती कोणी वाचीत नाहीं. आमच्या मतें मात्र खानदेशांतील ख्रिस्ती माणसाचा खरा इतिहास तेथेंच आहे. कारण 'मी कोण' या प्रश्नाचें जें उत्तर आपल्या आज्या-पणज्यांस मिळालें, तें प्रथम त्या ओळींत मिळालें.

अशा वह्या ठेवण्याची शिस्त ट्रेंटच्या परिषदेपासून (१५४५–१५६३) चालत आली आहे. ओळींत काय काय असावें तें १९१७ च्या धर्मसंहितेनें स्पष्ट सांगितलें : ज्याला संस्कार मिळाला त्याचें नांव, आईबापांचीं नांवें, धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें, स्थळ, दिवस आणि संस्कार देणाऱ्याचें नांव. जुन्या वह्यांत हें सारें लॅटिनांत असे. आपल्या घरचा योसेफ तेथें 'योसेफुस' होऊन बसलेला असे, आणि त्याला स्वतःला तें जन्मभर कळतही नसे! असो. या यादींतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. पहिली ही कीं, संहितेनें जें मागितलें त्यांत जात नाहीं. कोठें एखाद्या लिहिणाऱ्यानें समासांत ती टिपून ठेविली असेल, तर ती त्याची संवय. वहीची मागणी नव्हे. दुसरी ही कीं, त्यांत आई आहे. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें आईचें नांव लिहिणें बंधनकारक केलें, तेव्हां वर्तमानपत्रांतून त्याचें मोठें कौतुक झालें, आणि तें योग्यच होतें. आपल्या वहींत मजुरी करणारी, अक्षरशत्रु आई त्यापूर्वीं कित्येक पिढ्या बापाच्या शेजारीं नांवानिशीं उभी आहे.

आतां ज्यांचीं नांवें त्या वहींत प्रथम लिहिलीं गेलीं, त्या माणसांस गांव काय म्हणत होतें तें आठवावें. गांवकुसाबाहेरच्या वस्तींत मुलाचें नांव धोंड्या, कचऱ्या, भिक्या, दगड्या असें ठेवीत. कांहीं घरीं दृष्ट लागूं नये म्हणून, आणि पुष्कळ घरीं चांगलें नांव ठेवलें तर तें वरच्या आळीच्या डोळ्यांवर येईल म्हणून. चांगलें नांव ठेवलेंच, तरी त्याला शेपूट लागे. रामाचा राम्या होई, गणपतीचा गणप्या होई. बहुतेक वेळां तेवढीही तसदी कोणी घेत नसे, जातीच्या नांवानेंच हांक जाई. आपली मराठी भाषा या बाबतींत फार बारकाईची आहे. 'अरे', 'अहो', 'रावसाहेब' एवढ्या फरकानें ती माणसाची उंची मोजते. आणि ज्यांस जन्मभर आंखूड गजानेंच मोजलें, त्यांच्या मनांत तो गज जाऊन बसतो. आपण हलके आहों हें अशा माणसाला कोणी पटवून द्यावें लागत नाहीं. तो आपण होऊन सावली आवरून चालतो.

अशा माणसाला एके दिवशीं कोणी 'योहान' म्हणून हांक मारली. त्यामुळें गांव सुधारलें असें मात्र वाचकांनीं समजूं नये. गांवानें त्याचा 'योहान्या' केला! पण वेदीपुढें, घरच्या प्रार्थनेंत आणि वहींत तो योहान होता, ज्या नांवाच्या माणसानें प्रभु येशूच्या उराशीं मस्तक टेकलें त्या नांवाचा. योहानाच्याच शुभवर्तमानांत उत्तम मेंढपाळ आपलीं मेंढरें एकेकाच्या नांवानें बाहेर बोलावतो असें प्रभूनें सांगितलें आहे. साक्री तालुक्यांतील ठेलाऱ्याला या दृष्टांताची फोड करून सांगावी लागत नाहीं. शेंदोनशें मेंढरांचा कळप पाहून आपणां-आम्हांस सर्व सारखींच वाटतात. त्याला त्यांतली लंगडी कोणती, नवी व्यालेली कोणती, मागें राहणारी कोणती हें अंधारांतही समजतें. नांव घेणें म्हणजे कळपांतून एकाला वेगळें ओळखणें, एवढाच याचा अर्थ. आणि जो आयुष्यभर केवळ कळपाच्याच नांवानें ओळखला गेला, त्याला तो पुष्कळ होता.

खानदेश म्हणजे तापीचें खोरें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मध्यें कपाशीची काळी जमीन. १९०६ सालीं इंग्रज सरकारनें या एका जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच पुढें जळगांव आणि धुळें झाले, व १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. या मुलुखांत कॅथॉलिक माणूस एका वाटेनें आला नाहीं. पहिली वाट आगगाडीची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें भुसावळास मोठें जंक्शन केलें, मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० सालीं सलग झाला, आणि गाडीबरोबर गार्ड, ड्रायव्हर, फिटर, कारकून आले. त्यांत गोंवेकर होते, अँग्लो-इंडियन होते, दक्षिणेकडचे होते. त्यांची श्रद्धा वाडवडिलांपासून आलेली, प्रार्थना इंग्रजींत, कोंकणींत किंवा तामिळांत, आणि मिस्सा लॅटिनांत. खानदेशी गांवाशीं त्यांचा संबंध बाजारापुरता. त्यांनीं दिवा लावून ठेविला याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोंत; परंतु त्या दिव्याचा उजेड कॉलनीच्या कुंपणाबाहेर फारसा जात नव्हता, हेंही खरें.

दुसरी वाट नगरची, आणि आमच्यासारख्या पुष्कळांचें घराणें याच वाटेनें आलें. अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होतें. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर मोठा दुष्काळ पडला, आणि त्याच सुमारास, १८७८ च्या आसपास, राहुरी तालुक्यांतील केंदळ येथें येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं कॅथॉलिक कार्यास आरंभ केला. १८८६ सालीं पुणें धर्मप्रांत स्थापन झाला. हे धर्मगुरु बहुतेक जर्मन होते. त्यांच्याकडे आले ते मुख्यतः महार समाजांतील लोक. त्यांचींच मुलें-नातवंडें पुढें शिक्षक, परिचारिका, धर्मशिक्षक, रेल्वेचे कामगार होऊन पोटापाण्यासाठीं गोदावरी ओलांडून तापीकडे आलीं.

या लोकांस 'दुष्काळी ख्रिस्ती' म्हणून हिणविलें गेलें. भाकरीसाठीं धर्म विकला असें म्हणणारे तेव्हांही होते, आजही आहेत. आम्हांस या आरोपापासून तोंड लपवावेंसें वाटत नाहीं. उपाशी माणूस ज्या दारांत भाकर मिळते त्या दारांत जातो, यांत लाज कसली असेल तर ती ज्यांनीं आपलें दार बंद ठेविलें त्यांस. परंतु भाकर माणसाला दारापर्यंत आणते. ती त्याला चार-पांच पिढ्या तेथें बसवून ठेवीत नाहीं. दुष्काळ तर दोन-तीन वर्षांत सरला. आणि या गोष्टीची परीक्षा इतिहासानें एकदां चांगलीच घेतली. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, आणि जर्मन धर्मगुरु रातोरात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कित्येकांस नजरकैदेंत ठेविलें, आणि पुढें बहुतेकांस मायदेशीं धाडून दिलें. देणारा हात गेला. जे केवळ त्या हातासाठीं आले होते, त्यांनीं तेव्हांच उठून जावयास हवें होतें. तसें झालें नाहीं. मागें राहिलेल्या मोजक्या धर्मगुरूंस दहा-दहा गांवें सांभाळावीं लागलीं, आणि खेडोपाडीं गांवच्या मास्तरानें, म्हणजे धर्मशिक्षकानें, संध्याकाळची प्रार्थना चालविली, मुलांस प्रश्नोत्तरें पाठ करविलीं, मरणाऱ्याच्या उशाशीं बसून जपमाळ म्हटली. या मास्तरांचा इतिहास कोणीं लिहिलेला नाहीं. त्यांस पगार थोडा, मान त्याहून थोडा, आणि बदली मात्र वारंवार! पण गांवकुसाबाहेरच्या वस्तीनें 'अहो मास्तर' असें ज्याला प्रथम म्हटलें तो त्यांचाच एक माणूस होता, हें विसरतां येत नाहीं.

मान मिळण्यास जसें नांव लागतें, तशी भाषाही लागते. देव आपल्या बोलींत बोलत नसेल, तर तो आपल्याशीं बोलतो यावर माणसाचा विश्वास कसा बसावा? हें मर्म फार पूर्वीं एका इंग्रज येशूसंघीयानें ओळखलें होतें. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास उतरले, मराठी शिकले, आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचें. नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें गेलीं होतीं, हात रिकामे होते. त्या हातांत त्यांनीं ओवीच दिली, परकें वृत्त दिलें नाहीं. नगरच्या मिशनांत हेंच काम लहान प्रमाणांत, पण सातत्यानें झालें. फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' हें मराठी मासिक काढलें. चार वर्षांनीं तेच पुण्याचे बिशप झाले. ज्या समाजाला पाटीला हात लावूं देत नव्हते, त्याच्या घरीं स्वतःचें मासिक येऊं लागलें. त्यांत आपल्या गांवची बातमी छापून आलेली पाहून एखाद्या म्हाताऱ्यास काय वाटलें असेल, याची कल्पना ज्याच्या घरीं रोज चार वर्तमानपत्रें येतात त्याला येणार नाहीं.

मराठी असणें आणि ख्रिस्ती असणें यांत कांहीं विरोध आहे काय, हा प्रश्न त्या काळीं सुशिक्षितांतही धगधगत होता, आणि त्याचें एक उत्तर आपल्या खानदेशाशीं जोडलेलें आहे. १९०७ सालीं जळगांवीं महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगांवीं १८९० सालीं जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलानें तेथें आपली कविता म्हटली, आणि जळगांवच्या त्या सभेंत त्याला 'बालकवि' हें नांव मिळालें. हा ब्राह्मण मुलगा पुढें नगरास रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरीं मुलासारखा राहिला. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं बाप्तिस्मा घेतला होता, व त्यासाठीं आप्तस्वकीयांचा रोष पत्करला होता. ते आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंपैकीं. परंतु त्यांचें घर अवघ्या मराठी ख्रिस्ती समाजाचें भूषण आहे. त्या घरांत ठोमरे ख्रिस्ती झाला नाहीं, त्याला कोणी करूं पाहिलें नाहीं, आणि घराचेंही मराठीपण तसूभर कमी झालें नाहीं. ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळ भादली स्टेशनावर आगगाडीखालीं त्याचा अंत झाला. अजून तीसही पुरीं झालीं नव्हतीं.

त्या घरच्या लक्ष्मीबाईंविषयीं अधिक सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण आमच्या विषयाचा जीवच त्यांच्या चरित्रांत आहे. नवऱ्यानें धर्म बदलला तेव्हां त्यांनीं बदलला नाहीं. सोंवळें-ओंवळें सांभाळीत, लहान मुलाला घेऊन, त्यांनीं जवळजवळ पांच वर्षें वेगळी काढलीं. पुढें नवऱ्याकडे आल्या त्या आपले नेमधर्म बरोबर घेऊनच. जातपात देवानें केली कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच्या मनाशीं सोडविला, आणि उत्तर मिळाल्यावरच १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. शाळेचें शिक्षण जवळजवळ नाहीं. लिहावयास शिकल्या त्या नवऱ्याजवळ. त्याच बाईंनीं 'स्मृतिचित्रें' लिहिलीं (१९३४–१९३६), आणि टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' हातीं घेऊन पुढें नेलें. त्यांच्या लेखनांत स्वतःच्या फजितीची गोष्टही हंसत सांगितलेली असते. आम्हांस वाटतें, स्वतःची किंमत ज्याला कळली तोच माणूस स्वतःवर असें मोकळेपणीं हंसूं शकतो. ज्याला ती कळलेली नाहीं तो सदा अंग चोरतो, नाहींतर तोरा मिरवितो.

ज्या धरणगांवीं बालकवींचा जन्म, त्याच धरणगांवीं १८२५ सालीं जेम्स औट्रम याच्या हाताखालीं इंग्रजांनीं भिल्ल पलटण उभी केली होती. इंग्रजांच्या दप्तरांत आधीं भिल्ल म्हणजे लुटारू; पलटण झाल्यावर भिल्ल म्हणजे शिपाई; सावकाराच्या वहींत भिल्ल म्हणजे कर्जदार; पाटलाच्या शेतावर भिल्ल म्हणजे सालदार. प्रत्येकानें आपल्या उपयोगाचें नांव त्याला दिलें. तूं स्वतःला काय म्हणतोस, असें कोणी विचारलें नाहीं. १९३०–४० च्या दशकांत तळोद्याकडे गुलाम महाराज या भिल्ल संतानें आरतीच्या मेळ्यांतून लोकांस दारू सोडविली, आणि एकमेकांस 'आप' म्हणावें अशी रीत घातली. हा पंथ ख्रिस्ती नव्हे. परंतु त्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम करितों. जो 'अरे'च ऐकत आला, त्यानें आपल्या भावाला 'आप' म्हणावें, आणि त्या एका शब्दासाठीं हजारों लोक डोंगर उतरून यावेत, यावरून या मुलुखाची भूक भाकरीपुरतीच नव्हती हें दिसतें.

त्याच डोंगरांत ख्रिस्ताचें नांवही पोंचलें. प्रॉटेस्टंटांचें स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन विसाव्या शतकाच्या आरंभापासून पश्चिम खानदेशांत होतें. आपल्या धर्मगुरूंनीं व धर्मभगिनींनींही सातपुड्याच्या पायथ्याशीं शाळा, वसतिगृहें, दवाखाने चालविले. १५ मे १९८७ रोजीं पुण्यांतून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. नाशिक, अहमदनगर, धुळें, जळगांव हा सर्व मुलूख त्यांत आला, आणि थॉमस भालेराव हे येशूसंघीय पहिले बिशप झाले. 'भालेराव' हें आडनांव बिशपांच्या नांवापुढें ऐकतांना आमच्या वडीलधाऱ्यांचे डोळे भरून आले होते. १९४९ पर्यंत पुण्याच्या बिशपाच्या आसनावर युरोपियनच बसत आले होते.

आडनांवांची गोष्ट निघालीच आहे, तर थोडें विषयांतर करितों. पोर्तुगीज अंमलांत गोव्यास व वसईस जे ख्रिस्ती झाले त्यांचीं आडनांवेंही बदललीं; डिसोजा, परेरा, फर्नांडिस झालीं. नगरास आणि खानदेशांत तसें झालें नाहीं. गायकवाड गायकवाडच राहिले, साळवे साळवेच. सातपुड्याचे वळवी, वसावे, पाडवी तसेच राहिले. म्हणून आपल्याकडे सणाच्या दिवशीं मिस्सेंतील वाचकांचीं नांवें पुकारतात तेव्हां डिसोजामागून वळवी आणि वळवीमागून गायकवाड येतो. बाहेरच्या पाहुण्यास हें विचित्र वाटतें. आम्हांस यांत आपली दौलत दिसते.

भाषेचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा आदेश काढला आणि लोकभाषेंत मिस्सा होण्याचें दार उघडलें. आपल्याकडे लॅटिन जाऊन मराठी आली. केवढा तो आनंद! पण पुस्तकी मराठी ही खानदेशांतील किती जणांची घरची बोली आहे? जळगांव-धुळ्याच्या घराघरांत अहिराणी आहे, डोंगरांत भिलोरी आणि पावरी. मंदिरांत शुद्ध मराठींत उत्तर देणारी बाई लेकराला ताप चढला कीं अहिराणींतच देवाला हांक मारते. त्या हांकेंत व्याकरण पाहणारा देव नाहीं, हें तिला ठाऊक आहे; आपल्या प्रार्थनापुस्तकांस तें अजून पुरतें ठाऊक झालेलें नाहीं.

येथपर्यंत लिहिलें तें वाचून कोणास वाटेल कीं स्नानाच्या पाण्यानें सारें धुऊन निघालें. तसें लिहिणें म्हणजे ज्युबिलीच्या दिवशीं खोटें बोलणें होय. जातीनें मंदिराचा उंबरठा ओलांडला. वेगळ्या जागा, सोयरीक जुळवितांना होणारी कुजबूज, दफनभूमींतला अलीकडचा आणि पलीकडचा भाग. देशाच्या निरनिराळ्या भागांतून हें ऐकूं येत आलें आहे. भारताच्या कॅथॉलिक बिशप परिषदेनें डिसेंबर २०१६ मध्यें दलितांच्या उन्नतीविषयींचें आपलें धोरण प्रसिद्ध केलें, आणि ख्रिस्तसभेंत जातिभेद चालतो हें त्यांत उघड कबूल केलें. ही कबुली उशिराची आहे; पण ती ज्यांनीं दिली त्यांच्या धैर्याचा आम्ही आदर करितों.

बाहेरचा घाव निराळा आहे. १० ऑगस्ट १९५० रोजीं राष्ट्रपतींनीं अनुसूचित जातींचा आदेश काढला, आणि हिंदु धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा गणला जाणार नाहीं असें त्यांत घातलें. १९५६ सालीं शिखांस आणि १९९० सालीं बौद्धांस ती अट शिथिल झाली. ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रांत अशा ख्रिस्त्यांस इतर मागासवर्गांत जागा मिळाली, अनुसूचित जातींत नव्हे. अनुसूचित जमातींस मात्र धर्माची अट लाविली नव्हती. म्हणजे एकाच बांकावर बसून एकाच वाटींतील प्रसाद घेणाऱ्या दोघांपैकीं वळवीची सवलत टिकली, गायकवाडाची गेली. न्यायमूर्ति रंगनाथ मिश्र यांच्या आयोगानें २००७ सालीं धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ सालीं न्यायमूर्ति बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यांत आला. धर्म बदललेल्या आदिवासींच्याही सवलती काढून घ्याव्यात, अशी मागणीही अलीकडच्या वर्षांत ठिकठिकाणीं ऐकूं आली आहे.

याचा परिणाम काय झाला, तो आपण सर्व जाणतों आणि मोठ्यानें बोलत नाहीं. पुष्कळ घरांत मुलाचीं दोन नांवें झालीं. वहींत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरें. वहींत ख्रिस्ती, दाखल्यावर हिंदु. आमच्याही घरीं हा प्रसंग आला. आम्ही सहा वर्षांचे असतांना एका शाळेच्या कारकुनानें रकान्यावर टांक धरून वडिलांस विचारलें, "काय लिहूं?" वडील बराच वेळ बोलले नाहींत. शेवटीं जें खरें होतें तें त्यांनीं सांगितलें, आणि त्याची किंमत पुढें फीच्या रूपानें दरवर्षीं मोजली. परंतु ज्या बापानें दुसरें उत्तर दिलें त्याला दोष देण्यास आमची जीभ वळत नाहीं. त्याच्या घरीं चार मुलें होतीं, आणि शिष्यवृत्तीवांचून त्यांतलें एकही शिकलें नसतें. आमचें दुःख आहे तें त्या मुलासाठीं. आपल्याविषयीं कांहीतरी लपविण्यासारखें आहे, हें तो वयाच्या सहाव्या वर्षीं शिकला. ज्या नांवानें त्याच्या पणज्याची मान वर झाली, त्याच नांवाशीं त्याची मान खालीं जाऊं लागली. आपल्या तरुणांत आज जो संकोच दिसतो, नांव सांगतांना जी चांचरी दिसते, तिचें मूळ श्रद्धेच्या दुबळेपणांत शोधण्यापूर्वीं या रकान्यांत शोधावें.

आमच्या कित्येक आप्तांनीं १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बुद्धाला शरण जाऊन आपलें माणूसपण मिळविलें. त्यांच्या घरीं आम्ही जातों, ते नाताळांत आमच्याकडे येतात, आणि जेवतांना कधीं कधीं वादही होतो : तुमच्या येशूनें तुम्हांस काय दिलें? एकदां आमच्या आजीला हाच प्रश्न एका भाच्यानें विचारला. तिला वादविवाद येत नव्हता. तिचें गांवचें नांव दगडावरून ठेवलेलें होतें, आणि स्नानाचें नांव शुभवर्तमानांतील दोन बहिणींपैकीं थोरलीचें, जी घरकामांत गुंतून प्रभूकडे तक्रार करिते तिचें. आजी म्हणाली, "बाबा, त्यानं मला नांवानं हांक मारली, अन् मी चूल सोडून बाहेर आले." एवढें बोलून ती पुन्हा चुलीकडे गेली, कारण भाकरी करपत होती.

ती गेली तेव्हां क्रूसावर कोणतें नांव घालावें याविषयीं घरांत दोन मतें पडलीं. स्नानाचेंच घालावें असें कांहींचें म्हणणें. गांवचें घातलें तर लोक हंसतील असें त्यांस वाटे. आम्ही वहींतील तिची ओळ उतरून आणली. तींत तिच्या आईचें नांव होतें, तेंही दगडावरूनच ठेवलेलें. वह्या लिहिणाऱ्या त्या जर्मन धर्मगुरूनें तें लॅटिन अक्षरांत, पण जसेंच्या तसें, न सुधारतां लिहून ठेविलें होतें. मग वाद राहिला नाहीं. क्रूसावर दोन्ही नांवें आहेत.